पीक-अवशेष आच्छादनाचे सुदूर संवेदन

शेतातील पीक काढून नेल्यानंतर जमिनीवर उरणारी धसकटे, काड, ताटे, पाने, पाचट इ. वाळलेल्या भागांना पिकाचे अवशेष म्हणतात. भूपृष्ठाचा जेवढा भाग त्यांनी झाकला जातो त्याच्या शेकडा प्रमाणास पीक-अवशेष आच्छादन अशी संज्ञा आहे. प्रत्यक्ष शेतात न जाता, विमानातून वा कृत्रिम उपग्रहातून, जमिनीवरून परावर्तित होणाऱ्या प्रारणाच्या आधारे हे आच्छादन मोजणे व त्याचे नकाशे तयार करणे हा सुदूर संवेदनाचा एक महत्त्वाचा उपयोग आहे. बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला सहज कळणारी ही गोष्ट उपग्रहाला मात्र दीर्घकाळ कळू शकली नाही. वाळलेले काड आणि उघडी माती ही प्रकाशात जवळजवळ सारखीच दिसतात आणि त्यांच्यातील भेद ज्या तरंगलांबींत स्पष्ट होतो त्या टिपणारी अवकाशातील उपकरणे प्रामुख्याने खडक व खनिजे यांच्या अभ्यासासाठी बनविलेली होती. मृदा संधारणाची निकड, कायद्याने घातलेली अट आणि दुसऱ्याच कामासाठी तयार झालेली साधने यांचा मेळ घालीत ह्या मापनपद्धतीचा विकास झाला आहे.

पार्श्वभूमी : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ग्रेट प्लेन्स ह्या विस्तीर्ण मैदानी प्रदेशात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून नैसर्गिक गवताळ जमीन मोठ्या प्रमाणावर नांगराखाली आली. माती उलथवून टाकणाऱ्या लोखंडी नांगराने धसकटे पुरून टाकावीत आणि शेत स्वच्छ व भुसभुशीत करावे, हे त्या काळी उत्तम शेतीचे लक्षण मानले जाई. १९३० नंतरच्या दशकात दीर्घकाळ अवर्षण पडले, तेव्हा कॅनझस, ओक्लाहोमा, टेक्सस, कोलोरॅडो व न्यू मेक्सिको ह्या राज्यांतील अशी उघडी पडलेली माती वाऱ्याबरोबर उडून गेली. १४ एप्रिल १९३५ रोजीचे धुळीचे वादळ ‘काळा रविवार’ ह्या नावाने इतिहासात नोंदले गेले आहे. त्याच महिन्याच्या २७ तारखेस मृदा संधारण अधिनियम संमत झाला व त्यान्वये कृषी खात्यात मृदा संधारण सेवा स्थापन झाली. ह्यू हॅमंड बेनेट हे तिचे पहिले प्रमुख होत.

धसकटांकडे पाहण्याची दृष्टी ह्याच सुमारास बदलू लागली. कॅनडातील आल्बर्टा प्रांतात चार्ल्स नोबल यांनी जमिनीच्या पृष्ठाखालून तणांची मुळे कापणारे आणि वरची धसकटे जागच्या जागी ठेवणारे पाते तयार केले. नेब्रॅस्का राज्यातील लिंकन येथे एफ्. एल्. डूली आणि जे. सी. रसेल यांनी १९३८ पासून धसकट-आच्छादनाचे पद्धतशीर प्रयोग केले. आच्छादनामुळे पावसाच्या थेंबांचा आघात जमिनीवर थेट होत नाही, मातीची वरची रंध्रे बुजत नाहीत व पाणी मुरण्यास अवधी मिळतो, हे त्यांतून स्पष्ट झाले. एडवर्ड फॉकनर यांच्या प्लाउमन्स फॉली (१९४३) ह्या ग्रंथाने नांगरटीच्या आवश्यकतेविषयीच शंका उपस्थित करून मोठा वाद निर्माण केला. तथापि नांगरट सोडली तर तणांचे काय करावयाचे, हा प्रश्न रासायनिक तणनाशके उपलब्ध होईपर्यंत सुटला नाही. १९६२ मध्ये केंटकी राज्यात हॅरी यंग यांनी तणनाशकांच्या साहाय्याने विनानांगरट मक्याचे पीक घेतले आणि तेथून ह्या पद्धतीचा व्यापारी प्रमाणावर प्रसार होऊ लागला. [⟶ मृदा संधारण].

आच्छादनाचे मोल : पावसाने होणारी धूप आणि जमिनीवरील आच्छादन यांचा संबंध संख्येत मांडण्याचे काम डब्ल्यू. एच्. विश्मायर व डी. डी. स्मिथ यांनी केले. त्यांच्या धूपविषयक सार्वत्रिक समीकरणाच्या १९६५ व १९७८ मधील प्रकाशित आवृत्त्यांत पीक व मशागत यांसाठी जो गुणक आहे, त्याचे मूल्य अवशेषांच्या प्रमाणानुसार झपाट्याने बदलते. उघड्या जमिनीच्या तुलनेने सु. ३०% आच्छादन असलेल्या जमिनीची धूप निम्म्याने किंवा त्याहूनही अधिक कमी होते, असे प्रयोगांत आढळून आले. पेरणीनंतर ३०% किंवा अधिक भूपृष्ठ अवशेषांनी झाकलेले राहील अशा मशागतीला ‘संधारणी मशागत’ म्हणावे, अशी व्याख्या त्यामुळे रूढ झाली. १५ ते ३०% आच्छादन ठेवणारी ती ‘न्यूनित मशागत’ आणि १५ टक्क्यांपेक्षा कमी आच्छादन ठेवणारी ती ‘पारंपरिक मशागत’ होय.

ही वर्गवारी प्रारंभी केवळ शास्त्रीय सोयीची होती. डिसेंबर १९८५ मध्ये संमत झालेल्या अन्न सुरक्षा अधिनियमाने तिला आर्थिक महत्त्व प्राप्त करून दिले. धूप होण्यास अतिशय अनुकूल अशा जमिनीवर पीक घेणाऱ्या शेतकऱ्याने संधारणाची मान्य योजना अंमलात आणली नाही, तर त्याला शासकीय साहाय्य नाकारण्याची तरतूद ह्या कायद्यात होती. १९९० पर्यंत योजनेस प्रारंभ करणे आणि १९९५ च्या आरंभापर्यंत ती पूर्णपणे अंमलात आणणे आवश्यक होते. अनेक योजनांचा मुख्य आधार शेतात अवशेष राखणे हाच असल्याने, पेरणीनंतर शेतात किती काड उरले आहे ह्यावर शेतकऱ्याचे अनुदान अवलंबून राहू लागले. साहजिकच हे काड मोजावयाचे कोणी, कसे आणि किती अचूकपणे, हे प्रश्न पुढे आले.

शेतातील मोजणी : शेतात आच्छादन मोजण्याची प्रमाणभूत पद्धत साधी आहे. समान अंतरावर १०० खुणा केलेली दोरी किंवा फीत पिकांच्या ओळींना सु. ४५° चा कोन करून जमिनीवर ताणतात व जितक्या खुणांखाली अवशेष आढळतील ती संख्या म्हणजेच आच्छादनाचे शेकडा प्रमाण मानतात. शेतात निरनिराळ्या ठिकाणी अशी मोजणी करून सरासरी काढली जाते. ज्ञात आच्छादनाची छायाचित्रे हाताशी ठेवून त्यांच्याशी शेताची तुलना करणे, ही दुसरी पद्धत अधिक जलद पण कमी अचूक आहे.

मोठ्या प्रदेशासाठी ह्या पद्धती अपुऱ्या पडतात. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या संधारण तंत्रज्ञान माहिती केंद्राने देशभर मशागतीची सर्वेक्षणे संघटित केली. रस्त्याने मोटारीतून जाताना ठराविक अंतरावर थांबून दोन्ही बाजूंच्या शेतांतील पीक व आच्छादन यांचा अंदाज नोंदविणे, अशी पद्धत त्यासाठी अनेक परगण्यांत वापरली जाई. हा अंदाज निरीक्षकाच्या अनुभवावर अवलंबून असे, रस्त्यापासून दूर असलेली शेते त्यात येत नसत आणि मनुष्यबळावरील खर्चही मोठा होता. देशव्यापी स्वरूपातील हे सर्वेक्षण २००४ नंतर खंडित झाले. आच्छादनाची गरज कायद्याने मान्य केलेली, पण ते मोजण्याची व्यवस्था मात्र दुबळी होत चाललेली, अशी ही स्थिती होती. उपग्रहाद्वारे मापन करण्याच्या प्रयत्नांना त्यामुळे विशेष महत्त्व आले.

काड व माती यांतील साम्य : हिरव्या पिकाची ओळख उपग्रहाला तुलनेने सोपी असते. हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषून घेते व पानांची अंतर्रचना निकट अवरक्त प्रारण मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. त्यामुळे ह्या दोन पट्ट्यांतील तीव्र फरक हिरव्या वनस्पतीची खूण ठरतो. पीक पक्व होऊन वाळले की हरितद्रव्य नाहीसे होते व ही खूणही पुसली जाते. मागे उरलेल्या काडाचे परावर्तन दृश्य व निकट अवरक्त भागांत तरंगलांबीबरोबर हळूहळू वाढत जाते आणि मातीचेही तसेच वाढते. काड मातीपेक्षा उजळ असेल की गडद, हे मातीचा रंग व ओलावा आणि काडाचे वय यांवर अवलंबून राहते. काळ्या ओल्या जमिनीवर ताजे गव्हाचे काड उठून दिसते, तर फिकट वालुकामय जमिनीवर पावसात भिजून काळवंडलेली धसकटे मातीहून गडद दिसतात. केवळ उजळपणावरून ह्या दोहोंत भेद करता येत नाही.

२३ जुलै १९७२ रोजी अवकाशात सोडलेल्या पहिल्या लँडसॅट उपग्रहावरील बहुवर्णपटीय क्रमवीक्षकात ०·५ ते १·१ मायक्रोमीटर ह्या मर्यादेतील चारच पट्टे होते आणि त्याच्या चित्रातील एक बिंदू जमिनीवरील सु. ८० मी. लांबी-रुंदीचा होता. १९७४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या गव्हाच्या क्षेत्राचा व उत्पादनाचा अंदाज घेण्याच्या मोठ्या प्रकल्पात ह्याच प्रतिमांचा उपयोग करण्यात आला; म्हणजे उभ्या पिकाची गणती उपग्रहाच्या आवाक्यात आली, कापणीनंतरचे शेत मात्र आले नाही. टेक्सस राज्यातील वेस्लॅको येथील एच्. डब्ल्यू. गॉसमन व त्यांचे सहकारी यांनी १९७५ मध्ये अवशेष आणि उघडी माती यांच्या परावर्तनांतील फरकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोहोंतील साम्य आणि भेद यांची मोजमापे घेण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते.

थिमॅटिक मॅपर : १६ जुलै १९८२ रोजी सोडलेल्या लँडसॅट-४ व १ मार्च १९८४ रोजी सोडलेल्या लँडसॅट-५ ह्या उपग्रहांवर थिमॅटिक मॅपर हे अधिक प्रगत उपकरण होते. त्याच्या चित्रातील एक बिंदू ३० मी. लांबी-रुंदीचा, म्हणजे जवळजवळ ९ गुंठ्यांचा होता. लघुतरंग अवरक्त भागात त्याचे दोन पट्टे होते : पाचवा १·५५ ते १·७५ मायक्रोमीटर आणि सातवा २·०८ ते २·३५ मायक्रोमीटर. यांपैकी सातवा पट्टा मूळ आराखड्यात नव्हता. मृत्तिका खनिजांतील हायड्रॉक्सिल गटामुळे २·२ मायक्रोमीटरच्या आसपास होणारे शोषण टिपता यावे, म्हणून भूवैज्ञानिकांच्या मागणीवरून तो मागाहून समाविष्ट करण्यात आला व त्यामुळेच त्याचा अनुक्रमांक तरंगलांबीच्या क्रमात बसत नाही. पुढे हाच पट्टा कृषिशास्त्रज्ञांना उपयोगी पडला.

कॅनडातील हेदर मॅकनेर्न व आर्. प्रॉट्झ यांनी आँटॅरिओ प्रांतातील ऑक्सफर्ड परगण्यात मक्याच्या अवशेषांचे नकाशे थिमॅटिक मॅपरच्या आधारे तयार करण्याचा प्रयत्न केला व तो १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. निकट अवरक्त पट्ट्यातील परावर्तनातून पाचव्या किंवा सातव्या पट्ट्यातील परावर्तन वजा करून त्या फरकाला दोहोंच्या बेरजेने भागले असता येणारे निर्देशांक त्यांनी वापरले. १९९७ मध्ये ए. पी. व्हान डेव्हेंटर व सहकारी यांनी ओहायओतील अभ्यासावरून पाचवा व सातवा ह्याच दोन पट्ट्यांचा तसाच निर्देशांक सुचविला. तो मशागत निर्देशांक म्हणून प्रसिद्ध पावला. बहुतेक मातींचे परावर्तन ह्या दोन पट्ट्यांत फारसे बदलत नाही. वाळलेल्या काडाचे मात्र सातव्या पट्ट्यात स्पष्टपणे घटते. त्यामुळे काड जितके अधिक तितका निर्देशांक मोठा येतो. गणित सोपे आणि प्रतिमा सर्वत्र उपलब्ध, ह्या कारणांमुळे ही पद्धत सर्वाधिक वापरात आली.

तिचा मूळ दोषही सातव्या पट्ट्याच्या रुंदीतच आहे. काडातील सेल्युलोजाचे २·१ मायक्रोमीटरजवळील शोषण आणि मातीतील मृत्तिका खनिजांचे २·२ मायक्रोमीटरजवळील शोषण ही दोन्ही त्या एकाच रुंद पट्ट्यात मिसळून जातात. परिणामी एका जिल्ह्यातील मातीसाठी बसविलेले गणित भिन्न प्रकारची माती असलेल्या दुसऱ्या जिल्ह्यात जसेच्या तसे लागू पडत नाही.

सेल्युलोजाची खूण : वाळलेल्या वनस्पतिद्रव्याच्या लघुतरंग अवरक्त वर्णपटात सेल्युलोज व लिग्निन यांची शोषणचिन्हे असतात, हे प्रयोगशाळेत ज्ञात होते. सी. डी. एल्व्हिज यांनी १९९० मध्ये अशा द्रव्यांच्या वर्णपटांचे सविस्तर वर्णन केले. हिरव्या पानात ही चिन्हे पाण्याच्या शोषणाखाली झाकली जातात. पान वाळल्यावर ती उघडी पडतात. मातीच्या वर्णपटात २·१ मायक्रोमीटरचे हे चिन्ह नसते.

मेरिलंड राज्यातील बेल्ट्‌सव्हिल येथील कृषी संशोधन केंद्रात ह्या प्रश्नाचा अभ्यास दोन मार्गांनी झाला. जे. ई. मॅकमर्ट्री, सी. एस्. टी. डॉट्री व त्यांचे सहकारी यांनी प्रथम अनुस्फुरणाचा मार्ग चोखाळला. जंबुपार प्रारण टाकले असता अवशेष मातीपेक्षा अधिक तीव्रतेने अनुस्फुरित होतात; परंतु हा प्रकाश क्षीण असून सूर्यप्रकाशात तो वेगळा काढणे अवघड असते. त्यामुळे ही पद्धत शेतातील उपकरणांपुरती मर्यादित राहिली. दुसरा मार्ग सेल्युलोज शोषण निर्देशांकाचा होय. डॉट्री यांनी १९९६ पासून व त्यानंतर पी. एल्. नॅगलर आदी सहकाऱ्यांसमवेत हा निर्देशांक विकसित केला. २·० व २·२ मायक्रोमीटर येथील परावर्तनांच्या सरासरीतून २·१ मायक्रोमीटर येथील परावर्तन वजा करणे, एवढेच त्याचे गणित आहे. काडाच्या वर्णपटात मध्ये खळगा असल्याने वजाबाकी धन येते. मातीच्या वर्णपटात २·२ पाशी खळगा असल्याने ती सामान्यतः ऋण येते. उजळपणावर अवलंबून न राहता काडाच्या रासायनिक घटनेवर आधारलेली ही पहिली व्यवहार्य कसोटी होय. तिचे आच्छादनाशी असलेले नाते जवळजवळ सरळ रेषेत असते आणि मातीचा प्रकार बदलला तरी ते फारसे ढळत नाही.

उपकरणांची उणीव : अशा रीतीने विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रश्नाचे उत्तर सापडले होते, पण ते सर्वत्र आणि वारंवार वापरता येईल असे उपकरण अवकाशात नव्हते. ह्या निर्देशांकाला तीन अरुंद पट्टे लागतात. २१ नोव्हेंबर २००० रोजी सोडलेल्या ईओ-१ ह्या प्रायोगिक उपग्रहावरील हायपेरियन हा वर्णपटमापक सु. १० नॅनोमीटर रुंदीच्या शेकडो पट्ट्यांत प्रतिमा घेत असे. त्याच्या साहाय्याने अवकाशातून सेल्युलोज शोषण निर्देशांक काढता येतो, हे सिद्ध झाले. तथापि त्याच्या प्रतिमेची रुंदी जेमतेम ७·७ किमी. होती व लघुतरंग अवरक्त भागातील त्याचे संकेत क्षीण होते. लँडसॅटच्या प्रतिमेची रुंदी १८५ किमी. असते, हे लक्षात घेता हायपेरियनने एखाद्या राज्याचा नकाशा करणे शक्य नव्हते. २०१७ मध्ये हा उपग्रह कार्यातून निवृत्त करण्यात आला.

डिसेंबर १९९९ मध्ये सोडलेल्या टेरा उपग्रहावरील जपानी बनावटीच्या अ‍ॅस्टर ह्या उपकरणात लघुतरंग अवरक्त भागात सहा पट्टे होते व तेही प्रामुख्याने भूवैज्ञानिक उपयोगासाठी निवडलेले होते. त्यांच्या आधारे डॉट्री व जी. सर्बिन यांनी सहकाऱ्यांसमवेत अवशेषांचे नवे निर्देशांक तयार केले. ते थिमॅटिक मॅपरवरील निर्देशांकांपेक्षा सरस ठरले. पण एप्रिल २००८ मध्ये अ‍ॅस्टरचे लघुतरंग अवरक्त शोधक, त्यांचे तापमान वाढत गेल्यामुळे, निकामी झाले. सर्बिन यांच्या निर्देशांकाचे विवेचन २००९ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा ज्या उपकरणावर तो आधारलेला होता त्याच्याकडून नव्या प्रतिमा मिळणे थांबले होते. ऑगस्ट २०१४ मध्ये सोडलेल्या वर्ल्डव्ह्यू-३ ह्या व्यापारी उपग्रहावर ह्या भागातील आठ अरुंद पट्टे आले. त्यांच्या प्रतिमांवरून डब्ल्यू. डी. हाइव्हली आदींनी मेरिलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील शेतांचे तपशीलवार नकाशे केले (२०१८). चेसापीक उपसागरात शेतांतून वाहून जाणारा गाळ व खतांचे अंश कमी करण्याच्या कार्यक्रमाशी ह्या कामाचा निकटचा संबंध आहे. मात्र व्यापारी प्रतिमा महाग असतात व मागणीनुसारच घेतल्या जातात.

कालमालिकेचा उपयोग : उत्तम पट्टे नियमितपणे मिळत नसल्याने संशोधकांनी उपलब्ध रुंद पट्ट्यांचा अधिक कौशल्याने उपयोग करण्याचा मार्ग स्वीकारला. २००८ मध्ये लँडसॅटचा संपूर्ण प्रतिमासंग्रह विनामूल्य खुला झाला, ही ह्या दृष्टीने निर्णायक घटना होय. पूर्वी पेरणीच्या काळातील एखादीच प्रतिमा विकत घेऊन काम भागवावे लागे. ती नांगरटीपूर्वीची असेल तर शेतात काड भरपूर दिसे आणि पुढे ते पुरले गेले तरी नकाशात शेत ‘संधारणी’ म्हणूनच राही. बी. झेंग, जे. बी. कँबेल व के. एम्. डी बर्स यांनी २०१२ मध्ये एका हंगामातील सर्व प्रतिमांमधून मशागत निर्देशांकाचे किमान मूल्य निवडण्याची पद्धत मांडली. शेत नांगरले गेल्यानंतर आणि नवे पीक उगवून जमीन झाकण्यापूर्वी हे मूल्य सर्वांत कमी असते. म्हणून नांगरटीची नेमकी तारीख माहीत नसली तरी तिचा परिणाम हाती लागतो.

लँडसॅट उपग्रह एका स्थानावरून १६ दिवसांनी पुन्हा जातो व त्या दिवशी ढग असले तर प्रतिमा वाया जाते. यूरोपीय अवकाश संस्थेचे सेंटिनेल-२ मालिकेतील पहिले दोन उपग्रह अनुक्रमे जून २०१५ व मार्च २०१७ मध्ये सोडण्यात आले आणि हे अंतर सु. ५ दिवसांवर आले. अमेरिकेतील मका पट्ट्यासाठी २००५ ते २०१८ ह्या काळातील मशागतीचे व आच्छादन-पिकांचे नकाशे उपग्रहीय प्रतिमांवरून तयार करण्यात आले. ते शेतवार प्रसिद्ध न करता परगणा व पाणलोट यांसारख्या मोठ्या विभागांची एकत्रित माहिती म्हणून देण्यात आले. शेतकऱ्यांची खाजगी माहिती उघड होऊ नये आणि एकेका शेताच्या बाबतीत राहणाऱ्या चुकीचा कोणाला फटका बसू नये, ही दोन्ही उद्दिष्टे त्यामुळे साधली जातात.

रडारचा उपयोगही अजमावण्यात आला आहे. सूक्ष्मतरंगांना ढगांचा अडथळा होत नाही, हा त्याचा मोठा गुण होय. कॅनडात मॅकनेर्न व इतरांनी ह्या दिशेने दीर्घकाळ संशोधन केले. परंतु रडारचा प्रतिसाद जमिनीचा खडबडीतपणा, ओलावा व काडातील पाणी ह्या सर्वांवर अवलंबून असल्याने त्यांतून केवळ आच्छादनाचा भाग वेगळा करणे कठीण जाते.

मर्यादा : प्रकाशीय पद्धतींतील सर्वांत मोठी अडचण ओलाव्याची आहे. पाण्यामुळे लघुतरंग अवरक्त परावर्तन घटते व ते सातव्या पट्ट्यात पाचव्यापेक्षा अधिक घटते. म्हणून पावसानंतरचे ओले शेत प्रत्यक्षापेक्षा अधिक काड असल्यासारखे भासते. एम्. केमादा व डॉट्री यांनी २०१६ मध्ये ओलाव्याचा अंदाज घेऊन निर्देशांकात दुरुस्ती करण्याची पद्धत सुचविली. उगवलेले तण किंवा कोवळे पीक यांचा हिरवेपणा काडाची खूण झाकून टाकतो. त्यामुळे अशी शेते नकाशातून वगळावी लागतात. काड कुजू लागले की त्यातील सेल्युलोज लिग्निनाच्या आधी नाहीसे होते व खळगा उथळ होतो. सोयाबीनसारख्या पिकांचे अवशेष मुळातच थोडे व लवकर कुजणारे असल्याने मक्याच्या तुलनेने त्यांचे मापन कमी अचूक होते. शिवाय उपग्रह वरून दिसणारे आच्छादन मोजतो, काडाचे वजन मोजत नाही. जमीन एकदा पूर्ण झाकली गेली की थर जाड आहे की पातळ, हे त्याला कळत नाही.

ह्या कारणांमुळे कमी, मध्यम व अधिक अशा तीन वर्गांत शेतांची विभागणी करण्याचे काम उपग्रहीय नकाशे चांगल्या प्रकारे करतात. परंतु ३० टक्क्यांच्या सीमारेषेजवळील एखाद्या शेतात आच्छादन २७% आहे की ३३%, हा निर्णय केवळ त्यांवर सोपविणे योग्य ठरत नाही. कायद्याला नेमकी हीच रेषा महत्त्वाची असल्याने वादाच्या प्रसंगी खुणांची दोरी घेऊन शेतात जाणे अपरिहार्य असते. नकाशा तपासून पाहण्यासाठीही हीच दोरी वापरावी लागते.

भारतातील स्थिती : भारतात अवशेषांचा प्रश्न प्रदेशानुसार निरनिराळा आहे. महाराष्ट्रात ज्वारीचा कडबा वैरणीसाठी व कापसाच्या पऱ्हाट्या सरपणासाठी शेतातून नेल्या जात असल्याने जमिनीवर आच्छादन म्हणून थोडेच उरते. उसाचे पाचट मात्र शेतातच राहते. ते जाळून टाकण्याची प्रथा मोडून सऱ्यांमध्ये पसरून ठेवावे, असा सल्ला कृषितज्ञ देत आले आहेत. लहान व अनियमित आकाराच्या शेतांमुळे ३० मी.च्या चित्रबिंदूत अनेकदा दोन-तीन पिके व बांध एकत्र येतात, ही येथील आणखी एक अडचण होय.

पंजाब व हरियाणात यंत्राने कापलेल्या भाताचे काड व गव्हाची पेरणी यांमध्ये दोन-तीन आठवड्यांचाच अवधी मिळतो. पंजाबात भूजल वाचविण्यासाठी २००९ मध्ये केलेल्या कायद्याने भाताची लावणी पुढे ढकलल्यावर हा अवधी अधिकच आखडला व काड जाळण्याचे प्रमाण ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या काही आठवड्यांत एकवटले. ह्या आगींची गणती नवी दिल्ली येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेत उपग्रहांच्या औष्णिक संवेदकांच्या आधारे केली जाते. परंतु असे उपग्रह दिवसातून ठराविक वेळीच वरून जातात. त्या वेळांव्यतिरिक्त लागलेली व लवकर विझलेली आग त्यांना दिसत नाही. कोणत्या शेतात काड जाळले, कोणत्या शेतात पुरले आणि कोठे ते जमिनीवर ठेवून यंत्राने त्यातच गहू पेरला, हे कळण्यास आगींच्या संख्येबरोबर अवशेषांचा व जळालेल्या क्षेत्राचा नकाशाही आवश्यक ठरतो. डिसेंबर १९९५ मध्ये सोडलेला आयआरएस-१सी आणि ऑक्टोबर २००३ मध्ये सोडलेला रिसोर्ससॅट-१ ह्या भारतीय उपग्रहांवर लघुतरंग अवरक्ताचा १·५५ ते १·७० मायक्रोमीटर हा एकच पट्टा होता. २·१ मायक्रोमीटरजवळचा पट्टा नसल्यामुळे मशागत निर्देशांक त्यांच्या प्रतिमांवरून काढता येत नव्हता. त्यासाठी लँडसॅट व सेंटिनेल-२ यांच्या प्रतिमा वापराव्या लागल्या.

अलीकडील प्रगती : मार्च २०१९ मध्ये इटलीचा प्रिझ्मा आणि एप्रिल २०२२ मध्ये जर्मनीचा एनमॅप हे शेकडो अरुंद पट्टे टिपणारे उपग्रह सोडण्यात आले. हायपेरियनपेक्षा त्यांचे संकेत अधिक स्पष्ट असून सेल्युलोजाचा खळगा त्यांच्या प्रतिमांत ओळखता येतो. मात्र तेही सर्व प्रदेशांच्या प्रतिमा नियमितपणे घेत नाहीत. लँडसॅट मालिकेच्या पुढील पिढीसाठी २०२० नंतर जो आराखडा मांडण्यात आला, त्यात कृषिशास्त्रज्ञांच्या आग्रहावरून २·०, २·१ व २·२ मायक्रोमीटरजवळील तीन अरुंद पट्ट्यांचा समावेश करण्यात आला. भूवैज्ञानिकांच्या मागणीवरून थिमॅटिक मॅपरमध्ये सातवा पट्टा आला, त्यानंतर सु. चार दशकांनी जमिनीवरच्या वाळलेल्या काडासाठी स्वतंत्र पट्टे राखण्याचा विचार ह्या मालिकेच्या आराखड्यात प्रथमच झाला.